राखण कोणाची? : गायरानापासून उद्यानापर्यंत

शहरातील उद्यानांची व्यवस्था न्याय्य रीतीने कशी लावावी आणि तीत नागरिकांचा वाटा कितपत असावा, हा प्रश्न सामान्यतः नगरशासनाचा व अलीकडच्या काळाचा मानला जातो. वस्तुतः तो फार जुना आहे. जी जागा कोणा एकाच्या मालकीची नाही, परंतु जिचा उपयोग पुष्कळांना आहे, तिची राखण कोणी करावी, राखणाराने तिच्यातून किती घ्यावे आणि त्याने कोणापुढे झाडा द्यावा, या तीन प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रातील लेण्यांनी, खेड्यांनी आणि नगरांनी वेगवेगळ्या काळी वेगवेगळी दिली आहेत. त्या उत्तरांचे ठसे भाषेत राहिले आहेत. अशा जागेला मराठी माणूस प्रसंगपरत्वे देवाची म्हणतो, गावची म्हणतो, सरकारी म्हणतो किंवा सार्वजनिक म्हणतो. ही चार विशेषणे समानार्थी नाहीत. प्रत्येकामागे राखणाराची एक निराळी कल्पना आहे, आणि कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बाहेर ठेवावयाचे याचाही एक निराळा नियम आहे. तो नियम उघड झाल्यावाचून आजच्या उद्यानांचा विचार पुरा होणार नाही.

१

या विचाराला पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुक या गावापासून आरंभ करणे सोयीचे आहे. गावाचे नाव दोन थरांचे आहे. 'बोरी' हे नाव बोरीच्या झाडावरून पडलेले दिसते. वडगाव, पिंपळगाव, चिंचोली अशी झाडांवरून पडलेली ग्रामनामे महाराष्ट्रात विपुल आहेत. 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग' या शब्दाचे मराठी रूप असून त्याचा अर्थ थोरले. 'खुर्द' म्हणजे धाकटे. झाडाचे नाव रहिवाशांनी दिले, थोरले-धाकटेपण दफ्तराने ठरविले. गावाच्या भूमीवर हे दोन हक्क, वहिवाटीचा आणि दफ्तराचा, पुढे सतत एकमेकांसमोर उभे राहिलेले दिसतात. नावात ते शेजारी शेजारी नांदत आहेत.

जुन्या मराठी व्यवहारात गावच्या भूमीचे दोन मुख्य भाग होते. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. या दोहोंत न बसणारी जी भूमी उरे, तिच्यात गायरान, देवराई, नदीचा काठ, पाणवठा आणि मसणवट यांचा समावेश होई. 'गायरान' या समासातील 'रान' हे संस्कृत 'अरण्य' या शब्दापासून आले आहे. अरण्य म्हणजे कोणाचेही नसलेले. गायरान म्हणजे गावातील सर्वांच्या गुरांचे. कोणाचेही नसलेले ते सर्वांचे होणे, हा केवळ शब्दाचा प्रवास नव्हे. त्यासाठी नियम लागतो आणि नियम पाळविणारा लागतो.

बोरी बुद्रुकच्या नदीकाठाला एक आणखी महत्त्व आहे. तेथे कुकडीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात हा थर अभ्यासकांच्या नजरेस आणला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीने त्याचे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले. १९९५ मध्ये ते सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे असल्याचे प्रतिपादन झाले. तर ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे, असे मत अन्य अभ्यासकांनी मांडले. या वादाचा निकाल काहीही लागो, एका खेड्याचा काठ हा मानवजातीच्या इतिहासाचा दस्तऐवज ठरला आहे, एवढे निश्चित. हा काठ गायरान नव्हे आणि उद्यानही नव्हे. तथापि त्याच्या बाबतीत प्रश्न तोच उरतो. दस्तऐवज जगाचा आहे, जागा गावात आहे, मग राखण कोणाची? मराठीत 'राख' आणि 'राखण' हे दोन्ही शब्द एकाच 'रक्षा' शब्दाकडे जातात. संस्कृतात 'रक्षा' म्हणजे संरक्षण आणि रक्षा म्हणजे राखही. धान्य टिकविण्यासाठी राख वापरीत, त्यावरून हा दुसरा अर्थ आला असे कोशकार मानतात. बोरीच्या काठी राखेने हत्यारांचा काळ राखला. आता त्या राखेची राखण माणसांना करावयाची आहे.

२

जागा एकाची, राखण दुसऱ्याची आणि लाभ तिसऱ्याचा, ही रचना जुन्नरच्या परिसरात सातवाहनकाळापासून परिचित आहे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत भिक्षुसंघाला दिलेल्या दानांची नोंद आहे. त्यांपैकी एका प्राकृत लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान नमूद आहे. हा उपासक कोणाचिक नावाच्या श्रेणीचा होता. वडालिका येथील २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक येथील ९ निवर्तने वडांसाठी, असा त्या लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. अन्य लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. धान्यवाल्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके स्वतःच दान दिले आहे.

या लेखांचे महत्त्व पुण्यकर्मापुरते नाही. दान देताना जमिनीचे माप, गावाचे नाव, झाडाची जात आणि श्रेणी यांचा उच्चार केला आहे. लेख दगडावर कोरला, तो येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडावा म्हणून. दात्याच्या मृत्यूनंतरही जबाबदारी कोणाची हे कोणालाही वाचता यावे, ही त्यामागची योजना. आजच्या भाषेत बोलावयाचे तर करारनामा गुप्त नव्हता. संस्कृतात आणि पालीत उपवनाला 'आराम' म्हणत. भिक्षूंच्या निवासाला 'संघाराम' हे नाव त्यावरूनच मिळाले. मराठीत आज 'आराम' म्हणजे विसावा, तो फारसीच्या वाटेने आलेला. पण मूळ धातू एकच आहे. वन राखणे आणि विसावणे हे दोन अर्थ या शब्दात फार जुन्या काळापासून एकत्र आहेत.

३

गावगाड्याच्या काळात राखणीचे दोन मार्ग दिसतात. एक देवाच्या नावाने आणि दुसरा गावाच्या नावाने.

देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा देवाच्या नावाचा नियम. सह्याद्रीच्या माथ्याकडील जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात, भीमाशंकर आणि आहुपे यांच्या आसमंतात, महादेव कोळी समाजाने राखलेल्या देवराया आजही आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा हे दिसून आले की धार्मिक भयाच्या पाठीशी व्यवहारही आहे. झऱ्यांचे उगम, औषधी झाडे, दुष्काळातील आसरा यांचे रक्षण देवराईने होत असे. मंदिराच्या दुरुस्तीसारख्या सामायिक कामासाठी लाकूड लागल्यास देवाचा कौल घेऊन ते काढता येई. अर्थात बंदी सरसकट नव्हती. तिला अपवाद होता आणि अपवादाला सर्वांसमक्ष घेतलेली परवानगी होती. परंतु काही देवरायांत स्त्रियांना प्रवेश नसे, हेही विसरता येत नाही.

गावाच्या नावाची राखण गोतसभेच्या आधाराने चाले. शीव, पाणी, वाट यांविषयी तंटा उद्भवला म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे वतनदार यांची मजलस बसे आणि महजर होई. त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांच्या व्यवसायांच्या खुणा उमटत. निर्णयाला साक्षीदार असत आणि साक्षीदार गावातच राहत. त्यामुळे चुकीच्या निर्णयाची लाज बाळगावी लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला तेव्हा हे तंत्र मोडकळीस आले होते, परंतु त्याचे सांगाडे त्यांना दिसत होते.

तथापि या व्यवस्थेचे गुणगान करताना एक गोष्ट डोळ्यांआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावाच्या शिवेची राखण महारांकडे असे. शिवेच्या तंट्यात त्यांची साक्ष निर्णायक मानली जाई. म्हणजे गावाची हद्द कोठवर, हे सर्वांत अचूक ज्याला ठाऊक, त्यालाच गावच्या पाणवठ्यावर पाणी भरण्यास मज्जाव होता. 'गाव' या शब्दाची व्याप्ती कर्तव्य सांगताना एक आणि लाभ वाटताना दुसरी होती. राखण करणारा गावात, पाणी पिणारा गावाबाहेर. आणि हे दोघे एकच मनुष्य होते. लोकसहभाग ही संज्ञा आज ज्या सहजतेने उच्चारली जाते, तिला हा इतिहास पहिला अडथळा घालतो. सहभाग होताच. न्याय नव्हता.

४

इंग्रजी राजवटीत गावच्या जागेला 'सरकारी' हे विशेषण लागले. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीने प्रत्येक भूखंडाला क्रमांक दिला. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार महसुली अधिकाऱ्यांकडे दिला. तशी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून अन्य कामी लावता येत नसे, आणि मोफत चराईचा हक्क त्या गावाच्या गुरांपुरता राहिला. पूर्वी वहिवाटीने असलेले गायरान आता नेमून दिलेले गायरान झाले. नियम अधिक स्पष्ट झाला, हा लाभ. देणारा आणि काढून घेणारा एकच झाला, ही हानी.

त्याच सुमारास १८७८ च्या वन अधिनियमाने 'राखीव जंगल' ही संज्ञा रूढ केली. या शब्दाकडे भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 'राखणे' या क्रियेला कर्ता लागतो. कोण राखतो हे सांगावे लागते. 'राखीव' या विशेषणात कर्ता लोपतो. देवराई गावाने राखली होती. राखीव जंगल गावापासून राखले गेले. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना गायराने आणि डोंगर जंगल खात्याने गिळल्याबद्दल शेतकऱ्याच्या वतीने जो संताप व्यक्त केला, त्याचे मूळ येथे आहे. राखण करण्याची जबाबदारी ज्याच्याकडून काढून घेतली जाते, तो पुढे त्या जागेचा राखणदार राहत नाही. तो तिचा चोर ठरविला जातो.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने मोकळ्या जागा, पडीक जमिनी व गायराने पंचायतीकडे सोपविण्याची तरतूद केली. परंतु जमिनीची भूक वाढत होती. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी जुन्नरच्या पूर्व भागात बागाईत वाढविली, तसे मोकळ्या जमिनीचे मोलही वाढले. अन्यत्र, विशेषतः मराठवाड्यात, भूमिहीन दलितांनी गायराने कसण्यास घेतली. ज्यांना गावच्या सामायिक भूमीत कधीच वाटा नव्हता, त्यांनी आपला वाटा नांगराने मागितला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये घेतला. उलट, सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग यांच्या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले. मात्र भूमिहीनांना व अनुसूचित जातिजमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात मान्य केला. सामायिक जागा राखणे आणि वंचिताला न्याय देणे ही दोन मूल्ये येथे समोरासमोर येतात. न्यायालयाने एकाला दुसऱ्याच्या बळी दिले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

५

नगरातील उद्यानाची कुळकथा गायरानाहून निराळी आहे. 'बाग' हा फारसी शब्द. महसुली भाषेत 'बागाईत' म्हणजे पाण्याखालील, अधिक सारा देणारी जमीन. 'बाग' म्हणजे सरदाराचे किंवा सावकाराचे खाजगी वैभव. सर्वांनी फिरावयास जावे अशी बाग ही एकोणिसाव्या शतकातील नगराची निर्मिती होय, आणि तिच्या आरंभी नगरपालिका नसून एक संस्था आहे.

मुंबईची राणीची बाग ही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने उभारली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा त्या कामात पुढाकार होता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. परंतु संस्थेला हा भार पेलला नाही, आणि १८७३ मध्ये बाग मुंबई नगरपालिकेच्या ताब्यात गेली. पुण्यात उलट घडले. तेथील एम्प्रेस गार्डनची व्यवस्था याच नावाच्या संस्थेकडे आली आणि ती आजतागायत तिच्याकडे आहे. दर वर्षी भरणारे तेथील पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या परिचयाचे आहे. एकाच प्रकारच्या संस्थेचा एका नगरात अवघ्या अकरा वर्षांत माघार आणि दुसऱ्या नगरात शतकाहून अधिक काळ निर्वाह, यावरून एक अनुमान निघते. नागरिकांची संस्था शासनापेक्षा स्वभावतः श्रेष्ठ नसते आणि कनिष्ठही नसते. संस्था खचली तर जागा परत घेणारा कोणीतरी असावा लागतो. १८७३ मध्ये तसा तो होता, म्हणून बाग वाचली.

राणीच्या बागेचे नाव पुढे 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' असे झाले. 'बाग' जाऊन 'उद्यान' आले, हा बदल एका बागेपुरता नाही. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाच्या आगेमागे शासनव्यवहारात संस्कृत परिभाषा स्थिरावली, तिच्याबरोबर 'उद्यान' हा काव्यातला शब्द नगरपालिकेच्या फलकावर आला. लोकांच्या तोंडी मात्र ती अद्याप राणीची बागच आहे. 'बाग' या शब्दाच्या लिंगाविषयीही बोलणारांत दुमत आहे; कोणी तो बाग म्हणतो, कोणी ती बाग. फलकावरील शब्द एक आणि वापरातील शब्द दुसरा असणे हे स्वतः अन्याय नव्हे. परंतु जागा कोणाची, हे ठरविणारी भाषा आणि जागा वापरणारांची भाषा यांच्यातील अंतर त्यावरून मोजता येते.

६

'सार्वजनिक' हा शब्द या इतिहासात सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत अधिक मागणी करतो. पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा हा शब्द राजकीय अर्थाने प्रतिष्ठित झाला. त्यापूर्वी दोन वर्षे, १८६८ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. हौद खाजगी, परंतु कृती सार्वजनिक. त्याच वेळी गावोगावचे सार्वजनिक पाणवठे वस्तुतः काही जातींचे खाजगी होते.

हा विरोध कायद्याच्या भाषेत प्रथम १९२३ मध्ये आला. सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलात असे ठरले, की सार्वजनिक पैशाने बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ च्या निकालात अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पुरातन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असे ठरले.

महाडच्या प्रकरणातील बोध उद्यानांच्या प्रश्नाला थेट लागू आहे. तळे नगरपालिकेचे होते, तेवढ्याने ते सर्वांचे झाले नाही. ते लोकांच्या वहिवाटीत होते, तेवढ्यानेही झाले नाही, कारण लोकांची वहिवाट हीच वगळण्याची वहिवाट होती. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने १९५० मध्ये ही गाठ सोडविली. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याची ठिकाणे संपूर्णतः अथवा अंशतः राज्याच्या निधीतून चालविली जात असतील, किंवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी समर्पित असतील, तर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकाला तेथे अटकाव करता येत नाही. यातील 'अंशतः' हा शब्द लहान पण अर्थगर्भ आहे. उद्यानाचा खर्च एखाद्या मंडळाने केला, म्हणजे ते मंडळाचे झाले, या समजुतीला तो एक शब्द पुरेसे उत्तर आहे.

मुंबईत १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झालेले मैदान १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेने शिवाजी पार्क झाले. क्रिकेट, सभा, संध्याकाळचे फिरणे आणि अभिवादनासाठी जमणारी गर्दी यांना त्या एकाच भूमीवर जागा करून द्यावी लागली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरविला, तेव्हा रहिवाशांचा निवांतपणा आणि नगराचा सभाधिकार यांचा तंटा उघड झाला. शेजारी राहणारा आणि दुरून येणारा यांत जागा कोणाची अधिक, हा प्रश्न जुन्या गावातील पांढरीच्या आणि वेशीबाहेरच्या वस्तीच्या प्रश्नाहून फार दूरचा नाही.

७

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची सोय हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नमूद झाला, आणि तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. त्याच दशकात मुंबईच्या ओव्हल मैदानाची दुरवस्था पाहून परिसरातील रहिवाशांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि पुढे त्याच्या देखभालीचे काम पत्करले. ज्या मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, ते मैदान सुस्थितीत राहण्यात या संघटनेचा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच नगरात दुसरे अनुभवही आले. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक अथवा पालकत्वाने देण्याच्या धोरणात काही ठिकाणी मैदानावर क्लब उभे राहिले आणि सदस्य नसलेल्यांना दार बंद झाले. या धोरणावर नागरिकांतून वारंवार टीका झाली. २०१६ च्या आरंभी महानगरपालिकेने नवे धोरण संमत केले, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली, आणि संस्थांकडे असलेल्या दोनशेहून अधिक जागा परत घेण्याचा विषय पुढे आला. 'दत्तक' हा शब्द येथे फसवा आहे. दत्तकविधानात मूल नव्या घराचे होते आणि त्या घराचा वारसा त्याला मिळतो. सार्वजनिक जागेच्या बाबतीत वारसा जागेला मिळत नाही. जागाच कोणाचा तरी वारसा होऊन बसते. त्यापेक्षा 'राखण' हा खेड्यातील शब्द अधिक प्रामाणिक आहे. राखणदार शेताचा मालक नसतो, हे तान्ह्या पोरालाही कळते.

परदेशांतील अनुभवही याच दिशेचा आहे. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कसाठी १९८० मध्ये नागरिकांची संस्था स्थापन झाली. नगराशी तिचा रीतसर करार १९९८ मध्ये झाला. उद्यान सुधारले, परंतु श्रीमंत वस्तीच्या उद्यानाला देणग्या मिळतात आणि गरीब वस्तीच्या उद्यानाला मिळत नाहीत, हा आक्षेपही पुढे आला. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचा नाश अटळ असल्याचे प्रतिपादन केले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनेक देशांतील सामायिक संपत्तीचे दाखले देऊन ते खोडून काढले, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या गावाचा १५१७ चा नियम त्यांनी उद्धृत केला आहे. हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, त्याहून अधिक गायी कोणी कुरणावर सोडू नयेत. नियम एका ओळीचा आहे. परंतु त्यात हद्द, माप आणि हक्कदार तिन्ही आहेत. जुन्नरच्या लेखातील २० आणि ९ निवर्तनांच्या नोंदीशी त्याचे नाते सहज ध्यानात येते.

८

या इतिहासावरून उद्यानांच्या न्याय्य व्यवस्थेसंबंधी जे निष्पन्न होते ते असे. जागा देवाची, गावची, सरकारी किंवा सार्वजनिक म्हटल्याने ती न्यायाने राखली जात नाही. चारही विशेषणांखाली राखणही झाली आहे आणि वगळणूकही झाली आहे. देवराईने झरे राखले आणि काही ठिकाणी स्त्रियांना दूर ठेवले. गावाने शीव राखली आणि शीव राखणाऱ्यालाच पाणी नाकारले. सरकारने नकाशा दिला आणि राखणदार काढून घेतला. सार्वजनिक तळ्यावर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नागरिकांच्या भागीदारीने हा इतिहास आपोआप पुसला जाईल, असे मानण्यास आधार नाही. भागीदारी करणारे मंडळ हे नवे 'गाव' असते. आणि प्रत्येक गावाप्रमाणे त्यालाही वेस असते.

म्हणून कोणत्याही करारापूर्वी तीन गोष्टींचा निर्णय व्हावा लागतो. पहिली, गणना. उद्यानाचा वापर करणारे कोण, यांत फिरावयास येणारा सेवानिवृत्त जसा धरावयाचा, तसा दुपारी झाडाखाली भाकरी सोडणारा बिगारीही धरावयाचा. शेजारच्या इमारतीतील मूल जसे, तसे झोपडवस्तीतील मूलही. दुसरी, माप. राखणाराने किती जागेत काय करावे, कशाचे शुल्क घ्यावे व कशाचे घेऊ नये, किती वर्षांनी जागा परत करावी, हे आकड्यांत लिहिलेले असावे. तिसरी, झाडा. हिशेब कोणापुढे मांडावयाचा, आणि तो ऐकण्यास ज्यांना गणनेत धरले ते सर्व बसू शकतात काय, हे ठरलेले असावे. जुन्नरच्या श्रेणीने लेख दगडावर कोरला. गोतसभेने महजरावर सर्वांच्या खुणा घेतल्या. आजच्या करारनाम्याची प्रत उद्यानाच्या दारावर, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत लावणे हे त्याहून अवघड काम नव्हे.

बोरी बुद्रुकच्या काठाला हाच न्याय लावून पाहता येतो. राखेचा थर संशोधकांनी ओळखला, परंतु ते पावसाळ्यानंतर येतात आणि जातात. काठ रोज पाहणारे तेथे गुरे नेणारे, नदीच्या पात्रात उतरणारे, शेजारच्या बागाईतात मोलाने राबणारे लोक आहेत. थर कोठून कोठवर आहे हे त्यांना दाखविले, तेथील माती व वाळू उचलण्याची हद्द मापाने ठरविली, आणि त्या राखणीचा झाडा ग्रामसभेत घेतला, तर हा काठ कुंपणावाचून टिकू शकेल. यात गावकुसाबाहेरच्या वस्तीला धरले नाही, तर जुनी चूक नव्या नावाने पुन्हा होईल. शिवेची खरी खूण पूर्वी ज्याला ठाऊक होती, त्याच्या नातवंडांना या वेळी साक्षीपुरते बोलावून भागणार नाही. निर्णयाच्या बैठकीत त्यांची जागा असली पाहिजे.